वाचक विचारतात: कारागिराने सात मिनिटांत काय सांगावे?

प्रश्न : आमच्या सोसायटीत दिवाळीआधी कारागिरांच्या छोट्या भाषणांची एक संध्याकाळ ठरते आहे. ‘वीस चित्रे, प्रत्येकी वीस सेकंद’ ही पद्धत वापरावी का? वक्ते किती घ्यावेत? (एक वाचक, इंदिरानगर)

या पद्धतीचे नाव पेचाकुचा. २००३ मध्ये टोकियोत अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुरचनाकारांनी ती सुरू केली, बोलणारे रेंगाळतात म्हणून. चित्र आपोआप पुढे सरकते आणि ६ मिनिटे ४० सेकंदांत खेळ खलास. छायाचित्रकार, वास्तुरचनाकार, मुखपृष्ठे करणारे यांना ती चपखल बसते, कारण त्यांचे काम चित्रातच असते. हाताने काम करणाऱ्याची मात्र तिथे फरफट होते. २० सेकंदांत चाळीसएक शब्द बसतात, आणि हत्यार उचलून नीट दाखवण्यातच दहा सेकंद जातात. मग हातात पटाशी आणि मागे पडद्यावर तिसरेच काहीतरी.

अशांना सात मिनिटे द्या. चित्रे पाचच ठेवा आणि ती पुढे सरकवायला दुसरा माणूस बसवा. सहा वक्ते पुरतात. सहा सत्ते बेचाळीस, मधल्या पाच वेळी टेबल आवरायला दोन-दोन मिनिटे म्हणजे दहा, आणि वस्तू जवळून बघायला वीस मिनिटांची सुट्टी. बहात्तर मिनिटांत लोक मोकळे. सातवा वक्ता बहुधा देणगीदाराच्या आग्रहाने येतो. त्याला पुढच्या वेळी बोलवा.

वेळ संपत आल्याची खूण कागदाने करा. पाच मिनिटांना पिवळा, साडेसहाला लाल. घंटा नको. घंटेने माणूस दचकतो, आणि हातात धारदार काही असेल तर ते महागात पडते.

प्रश्न : मी पैठणी विणते. नाशिकला बोलायला बोलावले आहे, पण माइकसमोर कधी उभी राहिले नाही. सातवाहनांपासून सुरुवात करू का? (एक वाचक, येवला)

नको, ताई. सातवाहन ऐकवणारे पुष्कळ आहेत. तुमच्या बोटांना जे ठाऊक आहे ते सांगणारे थोडे. पदरावरच्या एका मोराचे एक इंच विणकाम घ्या आणि तेवढेच सांगा.

सुरुवात वस्तूने करा. पदराचा तुकडा आधी सुलट धरा, मग उलटा. नक्षी दोन्हीकडून सारखीच दिसते हे लोकांना आधी डोळ्यांनी पाहू दे. मग कारण सांगा: मोराच्या प्रत्येक रंगाला स्वतःची तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, असते. हिरव्याचा बाणा (आडवा धागा) आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या जरीच्या बाण्यात अडकतो आणि परत फिरतो. जॅकार्डवरच्या (नक्षी आपोआप उठवणाऱ्या यंत्रावरच्या) नकलेत रंगाचे धागे मागून लोंबत जातात किंवा कापलेले दिसतात. हे समजावण्यात तुमची चार मिनिटे जाणार, आणि तीच खरी चार मिनिटे आहेत. सूत बारीक असल्याने मागच्यांना काही दिसणार नाही, म्हणून पुठ्ठ्याच्या चौकटीवर सुतळीचे बारा उभे ताणे बांधून आणा आणि दोन रंगांची जाड लोकर घेऊन ती अडकवण तिथे करून दाखवा.

पुढचे एक मिनिट चुकीला द्या. अडकवण राहिली तर दोन रंगांच्या मध्ये उभी फट पडते. उजेडासमोर धरली की ती चमकते. फणीचा ठोका कमी-जास्त झाला तर मोर कुठे लांबट होतो, कुठे बुटका. असा बिघडलेला तुकडा घरात असेल तर जरूर आणा. चांगल्या मालापेक्षा त्यावरच जास्त प्रश्न येतात. तयार साडी मात्र प्रेक्षकांत फिरवू नका; हातांचा घाम जरीला लागतो. कापडावर शिवलेला वीतभर नमुना फिरवायला पुरे.

सराव बसून नाही, उभ्याने आणि वस्तू हातात घेऊन करा. कागदावर फक्त पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य लिहा. पूर्ण भाषण पाठ केले की एक शब्द विसरल्यावर सगळी माळ तुटते. सात मिनिटांत नुसते बोलायचे तर आठशे शब्द मावतील. हात चालवत बोलताना चारशेच धरा. आणि मराठी तुमच्या घरातलीच राहू दे. तिल्लीला तिल्लीच म्हणा. ती वर उचलून धरलीत की अर्थ सांगावा लागत नाही.

प्रश्न : तांब्याच्या भांड्याला कल्हई करून दाखवली तर गर्दी हमखास होईल. सभागृहात करता येईल का? (एक वाचक, भद्रकाली)

बंद सभागृहात अजिबात नाही. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकला की तो फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात. ते हवेत पुन्हा एकत्र आले की होतो तो पांढरा, घशात जाणारा धूर. ही गंमत सुट्टीत, बाहेरच्या अंगणात ठेवा. वारा भट्टीकडून प्रेक्षकांकडे नसावा, दोरी दहा फुटांवर बांधावी, वाळूची बादली हाताशी ठेवावी आणि लहान मुलांना पुढची रांग देऊ नये.

मंचावर त्याऐवजी तीन वाट्या ठेवा. पहिली काळवंडलेली, दुसरी चिंच आणि वाळूने घासून लाल केलेली, तिसरी अर्धीच कल्हई केलेली. अर्धी लाल, अर्धी चांदीसारखी वाटी बघितली की पुढचे ऐकायला लोक आपोआप सरसावतात. मग क्रम सांगा: भांडे तापवायचे, नवसागराची चिमूट टाकून आतून फिरवायची, लगेच कथलाची कांडी टेकवायची, आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने झपाट्याने सगळीकडे पसरायचे. नवसागर कशाला, हे वगळू नका. तो तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो, म्हणून कथील धातूला धरते.

बिघाड दोन जागी होतो. कुठे तेलकटपणा राहिला तर तिथे कथील बसत नाही, ठिपके उघडे राहतात. आणि कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळत असल्याने जास्त तापलेल्या भांड्यात ते पाण्यासारखे पळते, थर विरळ होतो, रंग पिवळट पडतो. घरी कल्हईचे रिकामे भांडे गॅसवर विसरले की हेच घडते. हे वाक्य नक्की घ्या, कारण समोर बसलेल्या निम्म्या घरांत ते घडलेले असते.

मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके घालण्याचे काम, दाखवणारा असेल तर गळ्यातला माइक आधी बंद करा. ठोक्याचा आवाज मूळचाच मोठा. माइकमधून तो कानठळ्या बसवतो. चार ठोके विनामाइक, मग बोलणे.

प्रश्न : मागच्या रांगेला हात दिसत नाहीत. कॅमेरा भाड्याने घ्यावा का? (एक वाचक, सिडको)

गरज नाही. मोबाइल आडव्या दांड्याच्या स्टँडवर, टेबलापासून दीडेक फूट वर, खाली तोंड करून लावा आणि एचडीएमआय वायरने प्रोजेक्टरला जोडा. आपल्या फोनला ही जोडणी चालते का, हे आदल्या दिवशी बघा. काही फोनना चालत नाही. वायफायवरून दाखवले तर चित्र मागे पडते: हात थांबलेला असतो आणि पडद्यावर अजून हलत असतो. स्क्रीन फिरण्याची सोय बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी कोणाच्या तरी मावशीचे नाव पडद्यावर झळकते.

दिवा एकच, पांढरा, बाजूने तिरका. समोरून टाकला तर मठारलेल्या तांब्याचे खळगे सपाट दिसतात. पितळ फार चकाकले तर एलईडी दिव्यासमोर थोड्या अंतरावर बटर पेपर धरा. खाली करडे कापड अंथरा. पांढऱ्यावर कॅमेरा वस्तूच काळी करून टाकतो.

प्रश्न : मानधन द्यावे का? वक्ते तर ‘काही नको’ म्हणतात. (एक वाचक, गंगापूर रोड)

द्यावे, आणि आकडा बोलावतानाच सांगावा. येवल्याहून येणाऱ्याचा ८०-८५ किलोमीटरचा प्रवास आणि मागावरचा अख्खा दिवस जातो, म्हणून किमान एका दिवसाची मजुरी अधिक गाडीभाडे, त्याच संध्याकाळी, पाकिटात. व्हिडिओ काढणार असाल तर परवानगी आधी लेखी घ्या आणि नवी नक्षी, मिश्रणाचे प्रमाण यांतले काय टिपायचे नाही, ते कारागिरालाच ठरवू द्या. विक्रीचे टेबल बाहेर लावा. मंचावरून किमती सांगितल्या गेल्या की पुढच्या वक्त्यालाही त्या सांगाव्या लागतात.