तुमच्या पथकाचा नंबर कितवा?

प्रिय ईशान,

शाळेच्या प्रोजेक्टसाठी न्यू जर्सीतल्या ड्रम कोअरचा, म्हणजे मैदानावर कवायत करत वाजवणाऱ्या ढोल-बिगुल पथकांचा, इतिहास काढताना तू परवा विचारलंस, "आई, गारफील्ड कॅडेट्सना १९८४ साली किती गुण पडले ते मला एका मिनिटात सापडतं. तुमच्या पुण्यातल्या ढोल-ताशा पथकाचं काहीच कसं सापडत नाही? मग तुम्ही चांगलं वाजवायचात हे कशावरून?" तुझ्या मनात खोच नव्हती, ठाऊक आहे मला. तरी लागलं. मी "अरे, आमच्याकडे स्पर्धा नसायची" एवढं बोलून विषय मिटवला, आणि तेही पुरतं खरं नाही.

स्पर्धा असायच्या, पण खेड्यात. नानाआजोबांचं गाव मुळशीत, पौडच्या पुढे. यात्रेला आजूबाजूच्या गावांची ढोल-लेझीम पथकं यायची. देवळापुढच्या पटांगणात फेटे बांधलेले पंच खुर्च्यांवर बसायचे, मांडीवर वही. ताशाची तर्री (काड्या भरभर फिरवून काढलेला सलग नाद) किती स्वच्छ, लेझमीची रांग वळताना तुटते का, डाव बदलताना ढोल मागे राहतो का, सगळं बघायचे. पहिल्या नंबराला ढाल. एका वर्षी नाना ताशावर होते आणि ऐन भरात त्यांची काडी मोडली. त्यांनी उरलेल्या अर्ध्या काडीने डाव पुरा केला, पण ढाल शेजारच्या गावाला गेली. पंच त्या गावचे जावई होते, असं नाना आजही शपथेवर सांगतात. मी तेव्हा आजीच्या मांडीवर रेवड्या खात बसलेली. निकाल लागल्यावर दोन्ही गावांत झालेली बाचाबाची मला त्या वादनापेक्षा जास्त आठवते.

शहरात प्रकरण वेगळं. विसर्जनाला ढोल वाजवायला आधी हीच मावळ-मुळशीची मंडळी पुण्यात यायची. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि अशा शाळांच्या पथकांमुळे ढोल सदाशिव-नारायण पेठेतल्या घरांत शिरला, आणि पुढे मुलींच्या कमरेलाही बांधला गेला. आमच्या घरात त्यावरून महाभारत झालं. "रस्त्यात नाचत ढोल बडवणार का आता?" हा आजीचा सवाल. अण्णा काहीच बोलले नाहीत, फक्त सरावाहून परत येताना मला घ्यायला नदीपात्रात स्कूटर घेऊन यायला लागले. तेवढी परवानगी पुरली.

तुझ्या हाताला स्नेअर ड्रमने घट्टे पडतात ना, तसे आमच्या कमरेच्या हाडावर काळेनिळे डाग पडायचे. ढोलाचं पान तेव्हा चामड्याचं. पावसाची सर आली की ते ढिलं पडायचं, मग कुठल्यातरी दुकानाच्या वळचणीला उभं राहून दोघीतिघींनी पाय लावून दोऱ्या ओढायच्या. ताशे तर कागद पेटवून शेकावे लागायचे. बेलबाग चौकात पुढचं मंडळ हलेना म्हणून ताटकळत उभं राहायचं, पाय पार गळून जायचे. मी पाचव्या रांगेतली. खरं सांगायचं तर हात बरा होता, बस. पाच ठोक्यांचा हात मला कायम एका ठोक्याने उशिरा सुचायचा. ते पथकप्रमुखाला कळायचं, शेजारच्या मुलीला कळायचं, लक्ष्मी रोडवरच्या गॅलऱ्यांतल्या म्हाताऱ्यांना तर नक्कीच कळायचं. पण म्हणून कोणी मला घरी पाठवलं नाही.

तुझा प्रोजेक्ट मी रात्री पूर्ण वाचला. गारफील्डच्या होली नेम चर्चने १९३४ मध्ये पोरांना ढोल-बिगुल देऊन कॅडेट्स उभे केले, नेवार्कला ब्लेस्ड सॅक्रामेंटचे गोल्डन नाइट्स, बेयॉनला सेंट व्हिन्सेंट्स, हॉथॉर्नचे काबालेरोज अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या पोस्टतर्फे, म्हणजे शाखेतर्फे, हे वाचून मला एकदम ओळखीचं वाटलं. चर्च म्हण, माजी सैनिकांची पोस्ट म्हण, आळीचं मंडळच की ते. गल्लीतली पोरं, गल्लीतलेच मास्तर आणि शेजारच्या गावाला हरवायची खुमखुमी. नानांना तिथे अजिबात परकं वाटलं नसतं.

पंचांचा भाग मात्र वाचून अंगावर काटा आला. १९८४ च्या आधी परीक्षक हातात वही घेऊन मैदानात वाजवणाऱ्यांच्या मधून फिरायचे आणि प्रत्येक चुकीला दशांश गुण कापायचे! माझ्या त्या उशिरा पडणाऱ्या ठोक्याचं काय झालं असतं? १९७२ ला व्हाइटवॉटरमध्ये पहिली डीसीआय (ड्रम कोअर इंटरनॅशनल) स्पर्धा झाली, लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांच्या नियमांना कंटाळलेल्या पथकांनी आपला कारभार आपल्या हाती घेतला आणि अनाहाइमचे किंग्समेन जिंकले, तो भाग तू छान लिहिला आहेस. गारफील्डने १९८३, ८४ आणि ८५ अशी लागोपाठ तीन वर्षं बाजी मारली ते तर तू मोठ्या अक्षरांत लिहिलंस. पण पुढची गोष्ट एका ओळीत उरकलीस, त्यावर जरा थांब असं मला सुचवावंसं वाटतं. देशभर दौरे सुरू झाले, बस आणि मुक्कामाचा खर्च वाढला, आणि चर्चच्या जिवावर चालणारी कितीतरी छोटी पथकं मिटली. कॅडेट्स स्वतः गारफील्ड सोडून पार पेनसिल्व्हेनियात गेले आणि २०२४ मध्ये बंदच झाले. गुण मात्र सगळे जपून ठेवलेले आहेत, शेवटच्या दशांशापर्यंत.

हे मी तुझ्या कोअरला नावं ठेवायला लिहीत नाहीये. बाबा म्हणतात तसं मी उगाच वकिली करते आहे, असंही असेल. गुण नसल्याचे तोटे मी पाहिले आहेत. आमच्या वेळी पन्नास ढोल म्हणजे मोठं पथक वाटायचं. पुढे शेकडो झाले, आणि जो जास्त आवाज काढेल तो मोठा, असं होत गेलं. २०२४ मध्ये हरित लवादाने पुण्यात एका पथकात तीसच जण असावेत असं म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तेव्हा इथल्या आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले. मीही टाळ्यांची चित्रं पाठवली. मग रात्री वाटलं, लक्ष्मी रोडला ज्यांचं घर आहे, घरात तान्हं मूल आहे, त्यांनी काय पाठवलं असेल? कोणी वही घेऊन मधून फिरलं असतं तर काही ठोके तरी आम्ही कमी मारले असते.

आणि तरीही. पाचव्या रांगेत उशिरा ठोका मारणाऱ्या मुलीला चार-पाच गणपती वाजवायला मिळाले, ते कोणी मोजत नव्हतं म्हणूनच. तुझ्या कोअरच्या ऑडिशनला मी पहिल्या फेरीतच बाहेर पडले असते. तू पडणार नाहीस, तुझा हात माझ्यापेक्षा कितीतरी साफ आहे. अण्णांवर गेला आहेस.

रविवारी एडिसनला मंडळाच्या पथकाचा सराव आहे, मी जाणार. तू चल असं म्हणत नाही. तुझी ऑडिशन डोक्यावर आहे आणि तिथे ताशाला माणूस कमी आहे हे मी तुला मुद्दाम सांगतही नाहीये. (सांगितलं, बरं.)

प्रोजेक्टमध्ये एक परिच्छेद मुळशीचा घालायचा असेल तर नानाआजोबांना फोन कर. आपल्या सकाळी कर, तिकडे ते जेवून नऊला झोपतात. ढाल कुठल्या वर्षी हुकली ते विचार. साल ते दर वेळी वेगळं सांगतात, पंच मात्र तेच असतात.

तुझी,
आई