दसऱ्याला वीस पानं: आधी काय उरकावं, ऐन वेळी काय

प्रश्न: दसऱ्याला आमच्याकडे २० माणसं जेवायला आहेत. श्रीखंड-पुरी, मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर आणि कोथिंबीर वडी असा बेत आहे. चक्का घरीच बांधायचाय. गेल्या वर्षी श्रीखंड आंबट झालं, शिवाय पातळही. दूध किती घ्यावं आणि सुरुवात कधी करावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: पानाला सव्वाशे ग्रॅम धरलं तर अडीच किलो श्रीखंड लागेल. त्यासाठी म्हशीचं ४ लिटर सायीसकट दूध घ्या. त्याचा साधारण दीड किलो चक्का निघतो.

आंबटपणा येतो तो ऑक्टोबरच्या उकाड्याने. दही लागल्यावरही विरजणाचं काम थांबत नाही. संध्याकाळी विरजलेलं दही सकाळपर्यंत बाहेर राहिलं आणि मग दिवसभर नळाला टांगलं की ते आंबणारच. म्हणून दोन दिवस आधी, रात्री झोपताना विरजा आणि सकाळी लवकर बांधा. पहिले दोन तास बाहेर टांगा, बरंचसं पाणी तेवढ्यात निथळतं. मग पुरचुंडी चाळणीत ठेवा, चाळणी पातेल्यावर, वर वजन, आणि सगळं संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये. एवढ्या दह्याची एकच पुरचुंडी मात्र बांधू नका. मधला भाग ओलाच राहतो आणि वरून कळत नाही. दोन फडकी घ्या.

पातळ होण्याचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. चक्क्याची चिमूट बोटांत दाबून पाहा. बोटं ओली झाली तर अजून निथळू द्या. तयार चक्का फडक्यापासून गोळ्यासारखा सुटा होतो. त्यात १ किलो १०० ग्रॅम साखर घाला, गोड आवडत असेल तर थोडी जास्त. साखर विरघळताना पाणी सुटतंच, त्यामुळे वाटीभर चक्का बाजूला राखून ठेवा, सैल वाटलं तर तो कामी येतो. साखर कालवून दोन तास झाकून ठेवा, मग पुरणयंत्रातून काढा. मिक्सरमध्ये मुळीच फिरवू नका, चक्क्याचा बांधा मोडतो. केशर भिजवायला दूध दोनच चमचे घ्या. वेलची-जायफळ त्याच रात्री घाला, सकाळपर्यंत चांगलं मुरतं.

प्रश्न: पुऱ्या किती कराव्यात? आधी तळून ठेवल्या तर चालतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: माणशी सहा, म्हणजे १२०. दोन किलो कणीक पुरेल. पुऱ्या आधी तळू नका. थंड पुरी चिवट होते आणि श्रीखंडाची मजा जाते. मोठ्या कढईत एका वेळी दोन पुऱ्या, घाण्याला ४० सेकंद धरले तरी १२० पुऱ्यांना ४० मिनिटं हवीत, तीही लाटणारं माणूस वेगळं असेल तर. त्यामुळे दहा-दहांच्या दोन पंगती करा. पहिली पंगत बसण्याआधी ३० पुऱ्या तयार ठेवा आणि बाकीच्या वाढता वाढता तळा.

कणीक घट्ट भिजवा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. सैल कणकेची पुरी तेल पिते. कोमट तेलात टाकली तरी तेच. लाटताना पीठ लावू नका, तेलाचा हात लावा. सुटं पीठ कढईत जळतं आणि शेवटच्या पुऱ्यांवर काळे कण चिकटतात.

प्रश्न: आदल्या दिवशी आणखी काय काय करून ठेवता येईल?
– एक वाचक, पुणे

उत्तर: कोथिंबीर वडीचे उंडे वाफवून, पूर्ण गार करून फ्रिजमध्ये ठेवा. गार उंड्याच्या वड्या सुबक कापल्या जातात, गरम उंडा चुरतो. खोबरं खवून ठेवा, दाण्याचं कूट करा, मसालेभाताची तोंडली चिरून ठेवा. बटाटे सालासकट उकडून फ्रिजमध्ये ठेवले तर भाजीच्या फोडी मोडत नाहीत. काकडी मात्र त्याच दिवशी कोचा आणि मीठ अगदी पानं मांडताना घाला, नाहीतर कोशिंबीर पाण्यात तरंगते.

मसालेभाताला सव्वा किलो तांदूळ पुरे, पुरी असताना भात कमीच जातो. आंबेमोहोर वापरू नका. चव छान, पण मोठ्या पातेल्यात त्याचा गोळा होतो. भात पहिल्या पंगतीच्या पाऊण तास आधी चढवा. तो उतरला की तीच शेगडी कढईला मोकळी होते. दोन शेगड्यांच्या घरात हा हिशेब चुकला की सगळं जेवण अर्धा तास लांबतं.