चार महिन्यांचं बाळ सारखं दूध काढतं, हा अ‍ॅसिड रिफ्लक्सचा (जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येण्याचा) आजार असेल का?

बहुतेक वेळा नाही. या वयाची निम्म्याहून अधिक बाळं दिवसातून एकदा तरी दूध काढतात. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायू अजून मधूनच सैल पडतो, त्यात आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वांत जास्त दिसतं. बाळ बसू लागलं, वरचं खाऊ लागलं की कमी होतं; वर्षाचं होईपर्यंत शंभरात जेमतेम पाच जणांत उरतं. खांद्यावरचं दुपटं भिजलं, पण बाळ खेळतंय, वजन वाढतंय, तर औषध नकोच.

आजार म्हणायचा तो त्रास होऊ लागला की: वजन अडतं, पिताना बाळ पाठ ताणून रडतं, दूधच नको म्हणतं. अपुऱ्या दिवसांची बाळं, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी) असलेली मुलं, जन्मतः अन्ननलिकेत दोष असल्यानं शस्त्रक्रिया झालेली मुलं यांना धोका जास्त. हायटस हर्नियातही, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकला असेल तरी, तसंच. मोठ्या मुलांत लठ्ठपणा हे महत्त्वाचं कारण. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जीही हुबेहूब अशीच दिसते, म्हणून शेजारच्या बाळाचं अ‍ॅसिडिटीचं औषध आपल्या बाळाला कृपया देऊ नका.

उलटी हिरवी असेल, रक्त दिसलं किंवा दूध जोरात पिचकारीसारखं लांब उडालं, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि रिफ्लक्स असला तरी झोपवायचं पाठीवरच, उशीशिवाय.