पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर लघवी वाढली तर

पुणे

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात तुझ्या नाइट सुरू होतायत. नाकातून दुर्बिणीने पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ काढलेला पेशंट असला की रात्री सिस्टरचा फोन येणारच : "युरिन बॅग परत भरली." फोनवरच डेस्मोप्रेसिन (लघवी रोखणाऱ्या हार्मोनसारखं औषध) सांगून मोकळं होऊ नकोस. उठून बेडपाशी जा.

लघवी पाण्यासारखी पांढरी दिसतेय, लागोपाठ दोन-तीन तास ताशी 250-300 मिलीच्या वर जातेय, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवीचा दाटपणा) 1.005 च्या खाली आहे आणि रक्तातलं सोडियम 145 mEq/L च्या वर सरकलंय, तर डायबिटीस इन्सिपिडस समज, म्हणजे लघवी रोखणारं हार्मोन कमी पडतंय; याचा साखरेशी संबंध नाही. नुसत्या भरलेल्या बॅगेवरून ठरवू नकोस. थिएटरात दिलेलं सलाईन बाहेर पडत असेल. स्टिरॉइडने साखर चढली असेल, म्हणून ग्लुकोमीटर लाव. मॅनिटॉल (लघवी वाढवणारं औषध) दिलंय का, ते भूलतज्ज्ञांच्या नोंदीत बघ. ॲक्रोमेगालीचा (गाठीमुळे ग्रोथ हार्मोन वाढलेला) पेशंट गाठ निघाल्यावर साठलेलं पाणी आपणहून सोडतो, सोडियम मात्र ठीक असतं. अशांना डेस्मोप्रेसिन दिलंस तर पाणी अंगात अडकेल आणि सोडियम घसरेल.

शुद्धीवर असलेल्या, तहान नीट लागणाऱ्या पेशंटच्या हाताशी साधं पाणी ठेव. तहानेइतकं पिऊ दे. "एवढं पाणी पितात म्हणूनच एवढी लघवी होते" असं म्हणून नातेवाईक तांब्या उचलून ठेवतात, त्यांना शांतपणे समजाव. पिऊनही भागत नसेल, रात्रभर झोप नसेल, सोडियम चढतच असेल, तर डेस्मोप्रेसिन 1 मायक्रोग्रॅम त्वचेखाली दे. नाकात पॅक असताना स्प्रेचा भरवसा नाही. त्यानंतर दर सहा तासांनी सोडियम बघ. चढलेलं सोडियम उतरवतानाही 24 तासांत 10 पेक्षा जास्त उतरू देऊ नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. केस पेपरवर डेस्मोप्रेसिन "दर बारा तासांनी" असं कधीही लिहू नकोस. पिट्युटरीच्या देठाला धक्का बसला की हे हार्मोन बनवणाऱ्या पेशी आधी गप्प होतात, हार्मोन येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास त्या पेशींच्या मरणाऱ्या टोकांमधून साठलेलं हार्मोन एकदम सांडतं आणि लघवी अचानक कमी होते. सगळ्यांना वाटतं, पेशंट बरा झाला. त्याच वेळी ठरलेला डोस गेला आणि पेशंट सवयीने पाणी पीत राहिला, तर सोडियम 120 च्या खाली जाऊन फिट येऊ शकते. म्हणून प्रत्येक डोस पुन्हा लघवी सुटल्यावरच, दरवेळी नवा विचार करून. साठा संपला की लघवी परत वाढते. ती कायमची राहू शकते.

कॉर्टिसॉल (शरीरातलं स्टिरॉइड हार्मोन) कमी असेल तर डायबिटीस इन्सिपिडस झाकला जातो. त्याची भर घालणारं हायड्रोकॉर्टिसोन सुरू केल्यावर लघवी वाढली तर औषध बंद करू नकोस, खरा आजार आत्ता उघडा पडलाय.

आपल्याकडचे बरेच पेशंट सातारा, सोलापूर, नगरकडचे. चौथ्या-पाचव्या दिवशी गावी जातात आणि सोडियम घसरतं ते सातव्या दिवसाच्या आसपास, घरी. त्या दिवशीची सोडियमची तपासणी डिस्चार्ज कार्डवर तारखेसकट मराठीत लिही, रिपोर्ट कुठल्या नंबरवर कळवायचा तेही लिही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी यावर गावात नुसती गोळी घेऊ नका, आधी सोडियम बघा, असं घरच्यांना तोंडीही सांग.

ज्यांना डेस्मोप्रेसिनची गोळी कायमची लागेल त्यांच्या कार्डावर आणखी एक ओळ हवी : दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं तरी डेस्मोप्रेसिन चुकवू नये, इंजेक्शनने द्यावं आणि सोडियम रोज बघावं.

कळावे,
तुझे सर