परदेशी आरोग्य मदत आली तर आधी कशावर खर्च करावी?
गरीब देशाने ही मदत आधी कशाला वापरावी, असं विचारलंय. माझं मत: गावात आरोग्याचं काम करणाऱ्या माणसाच्या पगाराला.

देणाऱ्यांना एकेका रोगाचं नाव हवं असतं, एचआयव्ही, मलेरिया, क्षय. इथिओपियातही असाच पैसा आला. पण तिथल्या सरकारने २००३ पासून गावोगावी आरोग्य चौक्या उभ्या केल्या. साधारण ५,००० वस्तीमागे दोघी जणी, दहावी झालेल्या, वर्षभर शिकवलेल्या, सरकारी पगारावर. अशा ३०,००० हून जास्त. लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, संडास बांधा म्हणून मागे लागणं, सगळं त्यांच्याच गळ्यात. (आपल्या आशाताई अजून मानधनावरच, असो.)

मच्छरदाण्यांचा ट्रक एकदा येऊन जातो. मच्छरदाणी खाटेवर टांगलीय की घडी करून पेटीत ठेवलीय, हे गावातलीच कोणीतरी घरात डोकावून बघते.