रात्री चार-चारदा उठणं, ते वयामुळेच का?

प्रश्न: डॉक्टर, माझे बाबा ५६ वर्षांचे आहेत. दोन महिने झाले रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात आणि येताना गटागटा पाणी पितात. तळपायांची आग होते म्हणून पाय पांघरुणाबाहेर. विचारलं की म्हणतात वय झालं. आईने तर त्यांना रात्रीचं पाणीच बंद केलंय. तिला स्वतःला सात वर्षं शुगर आहे, गोळी चालू आहे, पण तिचं वेगळंच, कधीकधी पहाटे गाऊन घामाने चिंब आणि सकाळी डोकं जड. दोघांचं शुगरमुळेच असेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, आधी बाबांचं पाणी सुरू करा, आजच. पाणी पितात म्हणून लघवी होते असं आईंना वाटतंय पण शुगरमध्ये गाडी उलटी असते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनीला ती सगळी परत ओढून घेता येत नाही, मग ती लघवीत उतरते आणि जाताना सोबत पाणी नेते, म्हणून घसा कोरडा पडतो. त्यात पाणी तोडलं की त्रास वाढणारच.

प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढल्यानेही रात्री उठावं लागतं, पण तेव्हा बहुतेक धार बारीक आणि लघवी थोडी थोडी होते, शुगरमध्ये दर वेळी भरपूर. संध्याकाळी बीपीची लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. पायांची आग बी१२ कमी असल्यानेही होते, त्यामुळे अंदाज बांधत बसू नका, याच आठवड्यात उपाशीपोटी शुगर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आलं तर डायबेटीस समजतात. मधेच उलट्या, धाप, गुंगी असं काही झालं तर मात्र रिपोर्टची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

मला जास्त काळजी आईंची वाटते. घाम, वाईट स्वप्नं, सकाळचं डोकं, ही रात्री साखर खाली गेल्याची खूण असू शकते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने असं होतं, आणि आपल्या बायका संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत काही खात नाहीत पण गोळी मात्र वेळेवर घेतात, घाम येतो तो नेमका अशाच दिवशी का ते आठवून बघा. पुढच्या वेळी लगेच ग्लुकोमीटर (घरी बोटातल्या थेंबावर साखर मोजायचं यंत्र) लावा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा, सावरल्या की पोळी किंवा दूध द्या. आकडा वेळेसकट लिहून डॉक्टरांना दाखवा, डोस तेच बदलतील, तुम्ही मनाने गोळी बंद करू नका. आणि हाक मारूनही जाग येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.