माफ केलं की क्षमा केली?

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतल्या चार्ल्स्टनच्या चर्चमधल्या हत्याकांडावर मराठीत वाचताना 'नातेवाइकांनी मारेकऱ्याला माफ केलं' असं वाक्य आढळलं. माफ केलं, तर मग त्याला देहदंड कसा? इथे 'क्षमा' हवं होतं का?

हो, हवं होतं. 'माफ' अरबी 'मुआफ'वरून आला. मोकळा, सूट मिळालेला. फी माफ, दंड माफ, कर्जमाफी. माफीच्या साक्षीदाराला तर कुणीच क्षमा केलेली नसते, सरकारनं त्याच्याशी फक्त व्यवहार केलेला असतो! तेव्हा 'माफ केलं' वाचून शिक्षेचं काय झालं, असं मनात येणं साहजिक आहे.

17 जून 2015. साउथ कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणानं गोळ्या घातल्या. आधी तासभर तो त्यांच्यातच बसला होता. दोनच दिवसांनी न्यायालयात, मारल्या गेलेल्या एथेल लान्स यांची मुलगी त्याला म्हणाली, माझ्या आईशी आता मला कधी बोलता येणार नाही, पण मी तुला क्षमा करते. शिक्षा तिच्या हातात नव्हतीच. 2017 मध्ये त्याला देहदंडाची शिक्षा सुनावली गेली. 2024 च्या डिसेंबरात अध्यक्ष बायडन यांनी देहदंडाच्या 40 पैकी 37 केंद्रीय कैद्यांना जन्मठेपेवर आणलं, त्यातही हा नव्हता. म्हणजे क्षमा मिळाली, माफी नाही.

पण 'क्षमा'ही अगदी निर्धोक नाही. संस्कृत 'क्षम्' म्हणजे सोसणं. सगळं सोसते म्हणून पृथ्वीही क्षमा. आणि नेमका हाच आक्षेप तेव्हा अनेक कृष्णवर्णीयांनी घेतला होता: दरवेळी सोसायचं आम्हीच का?

मला विचाराल तर सर्वांत नेमका शब्दप्रयोग मराठी बायबलमधल्या प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत आहे: 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही सोडणं, जाऊ देणं असाच आहे. बायबलच्या ज्या भागात ही प्रार्थना आहे, त्याच मत्तयाच्या शुभवर्तमानात पेत्र आणि अंद्रिया हे कोळी आपली जाळी सोडून येशूमागे जातात, तिथेही हेच क्रियापद! यात सोसणं नाही, शिक्षेतली सूटही नाही. आपलं येणं सोडून देणं आहे. आणि ज्याचं येणं त्यानंच ते सोडायचं, दुसऱ्यानं त्याच्या वतीनं नाही. एथेल लान्स यांच्याच दुसऱ्या मुलीनं तेव्हा क्षमा केली नव्हती, आपल्याला वेळ लागेल असं ती उघड सांगत होती.

म्हणून त्या वाक्यात मी दोन दुरुस्त्या करीन. 'माफ केलं'च्या जागी 'क्षमा केली', आणि 'नातेवाइकांनी'च्या आधी 'काही'.